चोवीस की बेचाळीस

८ मार्च २०२०, रविवार

आकडा उलटा लिहिला! बास्केटबॉलच्या सामन्यात एकतीस नंबरच्या खेळाडूचा फाउल तेरा नंबरच्या नावावर. तेही पेनाने. आणि तो तेरा नंबर बिचारा बाकावर बसून पाणी पीत होता!

मोरीनने पकडलं म्हणून वाचले. कोर्टाच्या कडेला बसून गुण आणि फाउल लिहिणाऱ्या आमच्या टेबलची ती मुख्य. पासष्टीची, पोस्टातून रिटायर झालेली, नजर घारीची. "सुनेत्रा, लव्ह, बाकावर बसून कोणी फाउल करतं का?" सगळं टेबल हसलं. मीही हसले. कान मात्र तापले.

कसं झालं ते मला माहीत आहे. रेफरी नंबर बोटांनी दाखवतो. आधी हाताची मागची बाजू – ते दशक. मग तळवा – ते एकक. तीन, मग एक. डोळ्यांनी एकतीस पाहिलं, मनात 'एकतीस' म्हटलं, आणि हाताने ऐकलं तसं लिहिलं – आधी एक, मग तीसमधला तीन. झालं तेरा!

अकरा वर्षं इथे आयर्लंडमध्ये आहे. ऑफिसात इंग्रजी, शेजारी इंग्रजी, भांडणसुद्धा इंग्रजीत जमायला लागलंय. आकडे मात्र हटत नाहीत. नागपूरच्या मराठी शाळेत पाढे छडीवर पाठ केलेत, ते कुठे जाणार! उपेंद्र म्हणतो, "तुझं मोजणं म्हणजे उलटी गंगा." हा कोण बोलणारा – पुण्याचा, इंग्लिश मीडियमचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी विचारतो, "एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी-नाइन ना?"

१२ मार्च

सगळे सामने बंद. शाळा बंद. मोरीनचा मेसेज – दोन आठवड्यांत सुरू होईल, यू'ल बी ग्रँड. (ग्रँड म्हणजे इथलं 'ठीक, काळजी नको'.)

५ एप्रिल

घरापासून दोन किलोमीटर, त्यापुढे जायचं नाही. बास्केटबॉलचं मैदान माझ्या दोन किलोमीटरच्या आत आहे – देवाची तेवढी कृपा. आज चालत गेले. दाराला कुलूप. काचेला नाक लावून बघितलं, आत अंधार. सिक्युरिटीचा माणूस म्हणाला, काही हरवलंय का? नाही म्हटलं आणि परत आले.

गावाचं नाव टाला. आई फोनवर अजून 'टाळा'च म्हणते. "कसलं मेलं नाव! लोकांनी टाळावं असं गाव कोणी राहायला निवडतं का?"

१९ मे

यंदा स्पर्धा नाही.

युरोपातल्या चिमुकल्या देशांची पुरुषांची स्पर्धा. अँडोरा, माल्टा आणि मंडळी. बास्केटबॉलच्या हिशेबात आयर्लंडही चिमुकलंच. कोणी टीव्हीवर बघत नाही, पेपरात चार ओळी येतात. पण देशाचे संघ येतात, सामन्याआधी राष्ट्रगीत वाजतं. त्या टेबलावर मला बसायचंय. बस्, एवढंच. परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं, थंडीत रविवार घालवले, ते त्यासाठी.

उपेंद्रला कळत नाही. "फुकट काम, आणि त्यासाठी रडतेस?" मी रडत नव्हते. कांदा होता.

खरं सांगायचं तर त्याला मी सांगितलेलंच नाही. विद्यापीठाच्या संघात बारा जणी निवडल्या होत्या, तेव्हा मी तेरावी होते. यादी नोटीस बोर्डावर लागली, मी तीनदा वरून खाली वाचली. बारा नावं. चौथ्यांदा खालून वर वाचली, जणू त्याने काही होणार होतं. तेव्हापासून वाटतं – एकदा तरी आत बसायचं.

२३ जानेवारी २०२१

आता पाच किलोमीटरची हद्द. पाऊस. काहीच नाही. प्रेसमधले सगळे डबे काढले, पुसले, परत तसेच लावले. (प्रेस म्हणजे कपाट. आईला सांगितलं तर म्हणाली, कपाटात इस्त्री करता का?)

२ मे

नागपूरहून रोज एक बातमी. मोजायचं नाही असं ठरवलंय. आई-बाबा ठीक आहेत.

२१ जून

स्पर्धा होणार! ऑगस्टमध्ये! आणि इथे, आमच्या टाळ्यात!

मोरीनने यादी पाठवली. स्कोअरशीट – सुनेत्रा. उद्घाटनाचा दिवस, आणि जमलं तर फायनल. मी यादी वरून खाली वाचली. मग खालून वर. आहे. नाव आहे!

आईला सांगितलं. "खेळणार आहेस का या वयात?" नाही गं, लिहिणार आहे. "मग ठीक. अक्षर चांगलं आहे तुझं."

१७ जुलै, शनिवार

खास परवानगीने बंद दाराआड सामना. राष्ट्रीय संघाला सरावासाठी समोर कोणीतरी हवं, म्हणून स्थानिक पोरांचा संघ बांधतायत. त्यातले दोघे स्पर्धेपर्यंत राखीव राहणार. त्या दोन जागांसाठी आज चोवीस पोरं जीव तोडून धावत होती.

त्यात निमिष! विजयालक्ष्मीताईंचा मुलगा. ताई सोलापूरच्या, मलिंगारच्या हॉस्पिटलात नर्स. गणपतीत भेटतो आम्ही. निमिष बावीस वर्षांचा, मेनूथला शिकतो. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र पक्क्या मलिंगारी इंग्रजीत. मला बघून हात केला – "हाउया, आंटी!" अंगात लाल जर्सी, नंबर चोवीस.

काय खेळला! पहिल्या अर्ध्यात त्याच्यासारखा कोणी नव्हता. पण हात आवरत नाही पोराला. चार फाउल. तिसरा क्वार्टर सुरू झाला न झाला तोच घोळक्यात शिट्टी वाजली, रेफरीने नंबर दाखवला, मी लिहिला. पाचवा. पाच झाले की खेळाडू बाहेर, मग पुन्हा आत येणं नाही. निमिषने एकदा माझ्याकडे बघितलं. जाऊन बाकावर बसला. उरलेला सगळा सामना टॉवेल डोक्यावर घेऊन.

राखीव दोघांत त्याचं नाव नाही. वाईट वाटलं. फार.

१९ जुलै

ताईंचा फोन. आवाज चढलेला. "सुनेत्रा, तू होतीस ना टेबलावर? निमिष म्हणतो, टेबलची चूक झाली. म्हणतो, चारच होते."

मी म्हटलं, बघते.

काय बघणार? शीट बघितली. चोवीसच्या पुढे पाच खुणा, सगळ्या माझ्या अक्षरात. आणि लाल संघात बेचाळीस नंबरही होता! उंच, लाल केसांचा, त्याच घोळक्यात!

२० जुलै

चोवीस. बेचाळीस. चोवीस. बेचाळीस.

डोळे मिटून रेफरीचा हात आठवते. चार आठवतो. आधी चार, मग दोन, असंच डोक्यात वाजतंय. आधी चार म्हणजे दशक चार. म्हणजे बेचाळीस. म्हणजे मी उलटं लिहिलं. पुन्हा. एकतीसचे तेरा केले तसेच.

आज भाजीत मीठ दोनदा घातलं.

२२ जुलै

रेफरीला फोन केला. "शुअर, मला काय आठवणार? चाळीस शिट्ट्या मारल्या त्या दिवशी." रेकॉर्डिंग कोणी केलं नव्हतं. विचारलं.

२६ जुलै

गप्प बसले तर कोणाला कळणार? कोणालाच नाही. शीटवर सह्या झाल्यात. पंधरा दिवसांत राष्ट्रगीत वाजेल, मी टेबलावर असेन. ताईंना सांगायचं – बघितलं, बरोबर होतं. एक वाक्य.

ते वाक्य म्हणून बघितलं आरशासमोर. जमलं की! चांगलं जमलं. त्याचाच राग आला.

३० जुलै

उपेंद्रला सांगितलं. त्याला वाटलं काही मोठं असेल. "अगं, एक फाउल! मॅच पण खरी नव्हती." मी म्हटलं, त्याच्यासाठी तीच खरी होती. मग तेराव्या नंबरची गोष्ट सांगितली. नोटीस बोर्ड, बारा नावं, सगळं. तो बराच वेळ लॅपटॉपकडे बघत बसला. लॅपटॉप बंद होता.

"मग सांगून टाक," म्हणाला. "नाहीतर तू मला जगू द्यायची नाहीस."

२ ऑगस्ट

सांगितलं. मोरीनला, तिच्या बागेत, दोन मीटरवरून. माझी खात्री नाही, पण बहुतेक मी आकडा उलटवला. मला स्कोअरशीटवर बसवू नका.

तिने चहाचा कप खाली ठेवला. "आर यू शुअर, नाउ?" दोनदा विचारलं. म्हटलं, हो. देशाच्या सामन्यात तेराचे एकतीस झाले तर? तिने यादी काढली, माझं नाव खोडलं. "शूर आहेस. थोडी वेडीपण." बाजूच्या दारावर माणूस हवा होता – फॉर्म भरून घ्यायचे, हातावर सॅनिटायझर द्यायचं. ते घेतलं. निदान इमारतीत तरी असेन.

मग सराव संघाच्या कोचला फोन केला. सभ्य माणूस. राखीव दोघं ठरलेत, आता उशीर झाला म्हणाला.

४ ऑगस्ट

ताईंना सांगितलं. म्हणाल्या, "परक्याने केलं असतं तर एवढं लागलं नसतं गं." फोन ठेवला. दोन तास त्या वाक्यासोबत बसले.

७ ऑगस्ट

निमिषला गाठलं. मेनूथला, कॉलेजच्या कोर्टवर एकटाच बॉल टाकत होता. तोंडपाठ करून गेले होते – निमिष, माझ्याकडून चूक झाली, माझ्यामुळे तुझी जागा गेली, मला माफ कर. तेवढंच म्हटलं. मराठीतच म्हटलं.

"नो, नो. यू'र ग्रँड, आंटी." खाली बघून. बॉल दोन हातांत घट्ट धरलेला.

रागावला असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी बोलता येतं. मंगळवारपासून तोही टालाला येतोय, स्वयंसेवक म्हणून. घामाने ओली झालेली फरशी पुसायला! ज्या कोर्टवर खेळायचं होतं तिथे फडकं घेऊन! बसमध्ये मला रडू आलं. कांदा नव्हता.

१० ऑगस्ट, मंगळवार

सुरू झाली. पिवळं जाकीट, दार, टेबल, फॉर्मचा गठ्ठा. राष्ट्रगीत भिंतीपलीकडून ऐकलं. उभी राहिले. कॉरिडॉरमध्ये मी एकटीच उभी, हातात सॅनिटायझर.

१२ ऑगस्ट

बझरवरून ओळखते आत काय चाललंय. बॉल टाकायचे चोवीस सेकंद संपले की एक आवाज, क्वार्टर संपला की दुसरा. तेवढ्यावर सगळा सामना मनात मांडते. मोजते मराठीतच. इथे कोणाचं काय बिघडणार!

निमिष माझ्या दाराने येत नाही. पुढून जातो.

१५ ऑगस्ट, रविवार

फायनल. आयर्लंड विरुद्ध अँडोरा.

पुढचं दार गर्दीने अडलेलं, म्हणून निमिषला माझ्याकडूनच यावं लागलं. फॉर्म पुढे केला. त्याने जाकीट बघितलं, मग मला. पहिल्यांदाच मराठीत, अडखळत – "आंटी, तू आत... यू'र नॉट ऑन द टेबल?"

म्हटलं, नाही.

"आज फायनल आहे. तुझं नाव होतं. मम सेड."

होतं. खोडून घेतलं.

"माझ्यामुळे?"

म्हटलं, तुझ्यामुळे कशाला? माझ्या आकड्यांमुळे. मला माझ्याच डोळ्यांचा भरवसा नाही राहिला, अशा बाईने देशाची शीट लिहू नये. हात पुढे कर.

त्याने हात पुढे केला. सॅनिटायझर तळव्यावर तसंच राहिलं, चोळलंच नाही. चेहरा पांढरा पडला होता. काहीतरी बोलणार होता, पण आतून हाक आली – फ्लोअर! – आणि तो फडकं घेऊन पळाला.

आयर्लंड जिंकलं! भिंत हादरली. मोरीन बाहेर आली, मास्क हनुवटीवर, डोळे ओले. मला मिठी मारली, दोन मीटर गेले खड्ड्यात. "तू असायला हवी होतीस गं," म्हणाली – म्हणजे इंग्रजीत म्हणाली, पण मला असंच ऐकू आलं.

घरी येऊन बूट न काढता बसून राहिले. आनंद झालाय. खरंच झालाय. पण पाय स्वस्थ बसत नाहीत.

१६ ऑगस्ट

निमिषने व्हिडिओ पाठवला. अकरा सेकंदांचा. त्याच्या मित्राने टेबलच्या मागून गुपचूप काढलेला, १७ जुलैलाच त्याच्या फोनवर आलेला. लाल घोळका, शिट्टी. रेफरी वळतो. हाताची मागची बाजू – दोन. तळवा – चार. आणि पुढ्यातून माझाच आवाज, स्वच्छ, जराही न अडखळलेला – "चोवीस."

आधी चार मी बघितला नव्हता, ऐकला होता. माझ्याच तोंडून.

व्हिडिओखाली एक ओळ. त्याने आजवर लिहिलेली पहिली मराठी ओळ – "मावशी, चोवीसच होता. मीच मारला हात. आईला सांगितलंय."