चौथीचं छप्पर आणि पोस्टमॉर्टम

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
ट्रेनिंग संपलं. पाच दिवस काकामेगा शहरात हॉटेल, दोन्ही वेळा कोंबडी. आजपासून मी नुसता हेडमास्तर जोथाम अंबेत्सा नाही, डिजिटल नेता आहे. सर्टिफिकेट पोस्टाने येईल.
संकल्प: छडी बंद. डिजिटल नेता हात उगारत नाही. शाळेचा सगळा कारभार व्हॉट्सॲप ग्रुपवर. राग आला की डोळे मिटून दहापर्यंत मोजायचं. (मॉड्यूल तीन.)

दुपारी १२.
छडी सगळ्यांसमोर मोडली. मोडता मोडेना. गुडघ्यावर आपटली तेव्हा मोडली, गुडघा सुजला. शिपाई हसला म्हणून त्याच्या पाठीत एक रट्टा बसला. मोजायला सुरुवात करण्याआधी बसला, म्हणून धरत नाही.

मंगळवार, ५ मार्च.
चार वाजता गारा. चौथीचं छप्पर जानेवारीतल्या वादळात उडून शेजारच्या मक्यात पडलंय, तेव्हापासून वर्ग आभाळाखाली. लिंबाएवढ्या गारा होत्या. पोरं वह्या डोक्यावर धरून पळाली. मेबल नावाच्या पोरीच्या कपाळाला चार टाके.
आमच्या डेप्युटी प्रॅक्सिडिस बाई तिला पाठुंगळी घेऊन दवाखान्यात गेल्या. परत आल्या त्या रक्ताने भरलेल्या ब्लाउजनिशीच माझ्यासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, सर, बाकी सगळं गेलं चुलीत, आधी छप्पर. मी शांतपणे समजावलं की छप्पर ही जुनी विचारसरणी झाली, आधी व्हिजन लागतं. बाईंनी पायातली चप्पल काढली. मला वाटलं, चिखल झटकतायत.
कान अजून गरम आहे.
रात्री अर्ज भरला. ट्रेनिंग देणारा फंड डिजिटल नेता असलेल्या शाळेला छप्परही देतो आणि वीस टॅबलेटही. माणूस येऊन पाहणी करणार. म्हणजे छप्पर आलंच.

बुधवार, ६ मार्च.
शाळा कमिटीचे अध्यक्ष म्झी, म्हणजे आजोबा, शिवाची आले. वय सत्तर, शेंबूड पुसायला रुमाल नाही, पण बैल अख्ख्या टेकडीवर एक नंबर. बैलाचं नाव पोस्टमॉर्टम. १६ तारखेच्या शनिवारी आमच्या मैदानावर त्याची झुंज, पलीकडच्या गावाच्या कर्फ्यू नावाच्या बैलाशी. दर वर्षीचंच आहे. यंदा म्हणाले, मास्तर, मैदान दे, दोन्ही गावचे बैलवाले मिळून चौथीवर पत्रे घालून देतो.
मी सांगितलं, डिजिटल शाळेत हिंसेला थारा नाही. छप्पर फंडातून येईल.
म्हणाले, अरे, तुझा बाप याच मैदानात शिंग लागून लंगडा झाला, तरी मरेपर्यंत मिशीला पीळ देत फिरला. तू कुठून निपजलास रे असा?
मी सातपर्यंत मोजलं. आठला त्यांची कॉलर धरली. त्यांनी डोकं मारलं. पुढचा एक दात हलतोय. मॉड्यूल तीनमध्ये सातच्या पुढे काहीतरी कमी आहे, ट्रेनर बाईंना कळवायला हवं.

शुक्रवार, ८ मार्च.
'डिजिटल शाळा परिवार' ग्रुप काढला. पहिला मेसेज: १६ तारखेची झुंज रद्द. दोनशे बारा उत्तरं आली! सहभाग अप्रतिम. पहिली चाळीस शुभेच्छांची, मग आयांचे उद्धार. उरलेली चर्चा दोन्ही गावच्या पालकांनी वाण्याच्या दुकानासमोर प्रत्यक्ष केली. तीन डोकी फुटली, एका सायकलचा चुराडा.
बैलवाले ग्रुपवर नाहीत. शिवाचींचा फोन बटणांचा आहे. पण माहिती पाठवली, हे महत्त्वाचं.

मंगळवार, १२ मार्च.
फंडाचे साहेब शनिवारी, १६ तारखेला, सकाळी सातलाच येणार. नंतर त्यांना विमान आहे.
स्वागताला इसुकुटीचे ढोल सांगितले. एवढा मोठा पाहुणा आणि फाटकापासून ढोल नाही, असं आमच्याकडे मयतालाही होत नाही.
बायको रोझालिया जेवताना म्हणाली, डोकं ठिकाणावर आहे का? शनिवारी पहाटे मैदानावर ढोल वाजला की बैल दावं तोडून निघतो, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मी म्हटलं, झुंज रद्द आहे, ग्रुपवर निळ्या टिका आल्यात. ती म्हणाली, पोस्टमॉर्टमच्या आल्या का?
मी मक्याच्या उगालीची ताटली भिंतीवर फेकली. तिने तीच माझ्यावर फेकली. तिचा नेम चांगला आहे. घरातलं मोजायचं नाही असं ठरवलंय.

शनिवार, १६ मार्च. दवाखाना. डाव्या हाताने लिहितोय.
ढोल उत्तम वाजले. साहेब गाडीतून उतरले. मी पडद्यावर पहिली स्लाइड लावली: 'शांतता आणि प्रगती'. तेवढ्यात मक्यातून कर्फ्यू आला. मागून दोन्ही गावं, शिट्ट्या, काठ्या. मग फाटकातून, म्हणजे फाटकासकट, पोस्टमॉर्टम आला.
त्याने आधी साहेबांच्या गाडीत शिंग घातलं. पडदा गेला, प्रोजेक्टर गेला, झेंड्याचा खांब गेला. प्रॅक्सिडिस बाईंनी साहेबांना कमरेच्या पट्ट्याला धरून आंब्यावर चढवलं, मग मेबल आणि चौथीच्या पोरांना ऑफिसात कोंडून स्वतः दाराशी फावडं घेऊन उभ्या राहिल्या.
मी मैदान सोडलं नाही. डोळे मिटले आणि मोजायला लागलो.
सहाला आला.
तीन बरगड्या, एक खुबा, उजवा हात मुरगळलेला. झुंज नऊ मिनिटांत पोस्टमॉर्टमने मारली. मी मध्ये आलो तो व्यत्यय धरायचा की नाही, यावर दोन्ही गावांत पुन्हा हाणामारी झाली. पलीकडचे चौघे माझ्याच वॉर्डात आहेत आणि माझ्याकडे बघून दातओठ खातात.
साहेब झाडावरून सारखे काहीतरी ओरडत होते. भारावले असावेत.

गुरुवार, २१ मार्च.
फंडाचं पत्र आलं. पाहणीत उत्तम नेतृत्व आढळलं. डेप्युटींचं. पुढच्या ट्रेनिंगला त्यांना पाठवावं. छपराचा विचार पुढच्या वर्षी.
पत्र भिंतीवर आपटलं. बरगडी कळवळली.
प्रॅक्सिडिस बाई फळं घेऊन आल्या होत्या. ट्रेनिंगला वेळ नाही म्हणाल्या. शिवाचींना दर वर्षीसाठी मैदान देऊन आल्यात. पत्रे उद्यापासून चढतील.

मंगळवार, २ एप्रिल. दुपारी ४.
कुबड्या घेऊन शाळेत आलो. चौथीवर छप्पर आहे. दोन्ही गावच्या लोकांनी तीन दिवसांत ठोकलं. पत्र्यांइतकंच एकमेकांनाही ठोकलं म्हणतात. भिंतीवर चुन्याने बैलाचं नाव लिहिलंय.
आठ पत्रे कमी पडले. ते माझ्या ऑफिसावरचे काढले. कमिटीचा ठराव आहे, हात वर करून घेतलेला. ग्रुपवर कुणी टाकला नाही.
सर्टिफिकेट आलंय. जाड कागद, सोनेरी कड.

४.२०.
गारा. कुबड्यांमुळे टेबलाखाली बसता येत नाही. सर्टिफिकेट डोक्यावर धरलंय. चौथी गार आरपार गेली.
समोर चौथीचा वर्ग पाढे म्हणतोय. पत्र्यावर एवढा दणका, तरी सगळ्यांच्या वर मेबलचा आवाज. सात सक बेचाळीस. एकही पोर पळालं नाही.
डोळे मिटून मोजलं. यावेळी दहापर्यंत गेलो. राग आलाच नव्हता. नुसतं लागतंय.