पाचव्या दगडाचा शेंदूर

३ नोव्हेंबर
नात शिवकन्या गुलबर्ग्याच्या कॉलेजात एवढी शिकली अन् सुट्टीत काय करायलीय? येळवसीला, मार्गशीर्षातल्या अवसेला, पूजतो ते बांधावरचे पाच पांडव — त्यातल्या औंदाच नवा आणून मांडलेल्या पाचव्याचं अर्धं अंग नेलपॉलिश पुसायच्या पाण्यानं धुवायलीय!

दगडावरचा केशरी थर म्हणे दगडफूलच, मसाल्यातल्याचा भाऊबंद. "आज्जी, हे एक न्हाई, दोघं हायेत. बाहेर बुरशी, आत हिरवं शेवाळ. शेवाळ उन्हावर रांधतंय, बुरशी बसून खातीय."

सासू-सुनंचं घर म्हण की!

चुलीपाशी उमादेवी हसली. सून हसली की मला ऐकू येतंय बरं.

४ नोव्हेंबर
धुतला तो रंग. बुरशीच करती म्हणे तो. काढला की आतल्या शेवाळाचं काय होतंय, ते शिवकन्येला बघायचंय. उरलेली बाजू तशीच ठेवली. "आज्जी, येळवसीला ह्याला चुना लावू नको. लावलास तर माझं वर्ष गेलं."

बिनचुन्याचा पांडव! गाव माझ्या तोंडात शेण घालंल.

२१ नोव्हेंबर
उमादेवीला हायवेवर मसाल्याची टपरी टाकायचीय. न्हाई म्हणलं. ट्रकवाले, टवाळ पोरं — हिला तर कोंबडी हाकलता येत न्हाई! रुसली. रुसू दे.

१९ डिसेंबर — येळवस
चार दगड पांढरेफटक, पाचवा केशरी. शेजारची वच्छलाबाई भज्जीचं, मिसळ भाजीचं, पातेलं टेकवून लगेच — "लिंगम्माक्का, ह्याला चुना कामून न्हाई?"

म्हणलं, त्याला देवानंच शेंदूर लावलाय. तू तुझ्या भज्जीकडं बघ!

तर बाई हात जोडून त्याच्यावर तेल ओतायला निघाली. धरला हात. शिवकन्या पोट धरून हसायली. मी दोन वाट्या आंबील जास्त प्याले.

२८ डिसेंबर
धुतलेली बाजू फिकी पडली. कॉलेजच्या मशिनीत बघितलं म्हणे — आतलं शेवाळ उन्हानं भाजलं. म्हंजे बुरशीचा रंग ही छत्री! उमादेवीला म्हणलं, ऐकलंस?

"पुढचं पण ऐक," शिवकन्या म्हणाली. "दुसऱ्या दगडफुलातल्या बुरशीचा कडू अर्क काढला. काचेत शेवाळ एकटंच वाढवलं अन् अर्क जास्त घातला, तर वाढतच न्हाई. जिथल्या तिथं."

उमादेवी ताट पुसत होती. एकच ताट. पुसतच होती.

कार्टी! गुलबर्ग्याला हेच शिकवतात काय?

२९ डिसेंबर
दिवसभर उन्हात पाचव्या दगडापाशी बसले. उमादेवीनं कपाळाला हात लावला — "आत्याबाई, ताप हाय का?"

म्हणलं, टाक तुझी टपरी.

१६ जानेवारी
टपरीचा पहिला दिवस. घरात बसवंना. कोण काय बोलंल हिला! तोंड तयार ठेवूनच गेले.

लांबूनच ऐकलं. एक ट्रकवाला नाक मुरडत होता — "ह्यात काय दम न्हाई, बाई."

"तू तुझ्या ट्रककडं बघ!"

माझी सून! पिशवी घेऊनच गेला बाबा.

मी स्टुलावर बसले. मसाला हुंगला. दगडफूल कमी पडलंय.

सांगितलं न्हाई.