देव्हाऱ्याजवळची हवा

माझ्या हट्टी आईस,

उद्या सकाळी सरांना उत्तर द्यायचंय. आपल्या रिह्याच्या वाडीतल्या हवेवर लिहिलेला माझा शोधनिबंध छापायला पाठवायचा की नाही, एवढंच. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं होतं, आणि तू तर पावसाळ्याआधीच निघून गेलीस. म्हणून लिहितेय.

रडत नाहीये गं. तू गेल्यापासून रडू असं आलंच नाही. भूक लागते, जेवते. प्रयोगशाळेत जाते, काम करते. दादा म्हणतो, एकदा मोकळी हो. कशातून मोकळी होऊ, तेच कळत नाही.

मी पहिल्यांदा ते मशीन आणलं तो दिवस आठवतो तुला? हवा ओढून घेणारी छोटी डबी, आत पांढरा फिल्टर. बाईनं ती दिवसभर गळ्यात घालायची. मग फिल्टरवर बसलेली धूळ मी फुप्फुसाच्या पेशींवर टाकून बघणार, किती पेशी मरतात ते. तू डबी उलटसुलट करून म्हणालीस, "म्हशीच्या गळ्यातली घंटा हाय का काय ही?" वाडीतली एकही बाई तयार होईना, तेव्हा तूच पहिली पुढे झालीस. घरच्या माणसाला घ्यायचं नसतं, म्हणून मी सरांची खास परवानगी काढली. तुझं बघून शेजारची शेवंताकाकू आली, तिच्यामागून बाकीच्या.

आणि फिल्टर परत आले ते पांढरेशुभ्र! हिंजवडीच्या रस्त्यावरचे काळेकुट्ट, आणि दोन्ही वेळा चुलीपाशी बसणाऱ्या तुम्हा बायकांचे पांढरे. मला संशय यायला हवा होता. पण डोंगराची मोकळी हवा, पडवीला दोन्हीकडून वारा, असं मीच माझं समाधान करून घेतलं. तुझ्या डबीवर कुंकवाचं बोट होतं. खंडेनवमीला विळ्या-कोयत्याबरोबर हिचीही पूजा झाली असणार, म्हणून हसलेसुद्धा.

फोनवर तुला सांगितलं, "आई, तुझी हवा चांगली आहे." ते तू गावभर केलंस. खोकला वाढला तेव्हा दादा पौडला दवाखान्यात नेतो म्हणाला, तर त्याला म्हणालीस, "कशाला? हवापालट हाय. लेकीनं मशीन लावून बघितलंय. माझी हवा चांगली हाय." नेलं तेव्हा उशीर झाला होता. धुरानं छाती कामातून गेली, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला, आई! माझ्याकडे आकडे आहेत, असं मी म्हणाले.

काल पुन्हा मशीनं घेऊन वाडीत गेले होते. शेवंताकाकूच्या गळ्यात डबी घातली. ती उठली, डबी काढून देव्हाऱ्याजवळच्या खिळ्याला अडकवली आणि मागच्या पडवीत चूल पेटवायला गेली.

"काकू, गळ्यात ठेव की."

"आगं, धुरात काळं पडंल ते! तुझ्या आईनंच शिकवलंय आमाला. पोरीचं मशीन हाय, लई महागाचं, चुलीपाशी न्यायचं न्हाई म्हनायची. भाकरी झाल्या की पुन्यांदा गळ्यात घालायचं. समद्या तसंच करतुया आमी."

म्हणजे मी मोजली ती देव्हाऱ्याजवळची हवा. मी "बरं" म्हणाले आणि तिनं दिलेला चहा प्याले. चहा चांगला होता.

तू तर उदबत्तीसुद्धा बाहेर तुळशीपाशी लावायचीस म्हणे, डबी काळी होऊ नये म्हणून. एवढी काळजी डबीची! आणि स्वतः मात्र फुंकणी घेऊन धुरात बसलीस. एकदा विचारायचंस तरी मला. मीही कधी समोर बसवून सांगितलं नाही, की ती काळी व्हायलाच आणली आहे. तुला सगळं कळत असतं, असं मी धरून चालले. तुझ्यावर रागवायला जाते आणि अर्ध्यातच राग संपतो.

काकू खोकते, आई. तुझ्यासारखीच, पदर तोंडाला लावून. "हवापालट हाय," म्हणते. हे ती कुठून शिकली असेल?

उद्या सरांना सांगेन, रिह्याचे सगळे आकडे मागे घेऊया. का, तेही सांगेन. कुणाला हसू आलं तर येऊ दे. मग काकूला घेऊन दवाखान्यात जाईन, तिच्या छातीचा फोटो काढून घेईन. ती नाही म्हणणार, पण तुझ्या हट्टापुढे दादाचं चाललं नाही तसं या वेळी होऊ देणार नाही. आणि यापुढे डबी देताना चूल विझेपर्यंत तिथेच बसेन.

तुझा आकडाही काढून टाकावा लागेल. दुपारपासून तो समोर उघडा आहे आणि बोट पुढे जात नाही. जगात तेवढ्या एकाच ठिकाणी लिहिलंय, की तुला काहीही झालेलं नाही.

काढीन, आई. शब्द देते.

तुझी,
सुमन