टोपड्यावरचा डाग

वन्सं,

नमस्कार केला असं समजा. मनापासून करवत नाही.

परवा बाळाला बघायला आलात आणि दारातूनच म्हणालात, “शी! डोक्यावर केवढ्या खपल्या! आईलाच स्वच्छतेचं वळण नाही.” पार्लर चालवता म्हणून तुम्ही स्वतःला डॉक्टरही समजता, हे ठाऊक होतंच. तरी सांगितलं, “डॉक्टरांना दाखवलंय. तेलाने मऊ होऊ द्यायच्या, मग हलका ब्रश फिरवायचा. खरवडायचं नाही.” तुम्ही फिस्सकन हसलात. “आम्हाला शिकवतेस?”

मी आंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही पर्समधली बारीक फणी काढून त्या कोरड्या डोक्यावर घसाघसा चालवलीत. मी बाहेर आले तर बाळ रडून लालबुंद, डोक्यावर तुम्ही आणलेलं नवं टोपडं, आणि तुम्ही चपला घालताय. “भूक लागलीय त्याला,” म्हणालात. टोपडं काढायला गेले तर रक्ताने चिकटलेलं. कोमट पाण्याने भिजवून सोडवलं. आत तुमच्या फणीचा तुटलेला दात होता.

तुमचा भाऊ म्हणतो, “ताई असं करणारच नाही.” बहिणीपुढे त्याची अक्कल कायमची गहाण.

बाळ बरं आहे. जखम भरली की पुन्हा तेल लावीन.

हे पत्र टाकणार नाही. तुम्हाला आधीच सावध कशाला करू? टोपडंही मुद्दाम धुतलेलं नाही. पुढच्या वेळी सगळ्यांदेखत तुमच्या हातात देईन आणि म्हणेन, “वन्सं, मला वळण नाही. हा डाग तेवढा तुम्हीच काढून दाखवा.”

तुमची घाणेरडी
भावजय