पोळीतला ळ

आई, आज दुकानाची पाटी उतरवली. दोन माणसं शिडी लावून वर चढली आणि मी खाली उभी राहून उगाच "हळू, हळू" करत होते, जशी काही ती काचेची होती. फ्लेक्सची पाटी ती, अण्णा नगरच्या उन्हाने पार विटलेली, गुलाबी रंग तर कधीच उडून गेला होता. जाऊ दे म्हटलं, गेली एकदाची. आणि आत येऊन रडत बसले! आता पाय ठणकतायत, कुकरमध्ये डाळ शिजतेय आणि मी तुला लिहायला बसलेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या पाटीबद्दल आपण दोघी त्या एका दुपारनंतर कधी बोललोच नाही. तू विषय काढू दिला नाहीस आणि मलाही तो काढायचा धीर झाला नाही.

मद्रासजवळ आवडी गावी राहायचो, तेव्हा क्वार्टर्समध्ये तुझं अक्षर म्हणजे काय होतं, हे आता कुणाला सांगून पटायचं नाही. बाबांच्या फॅक्टरीतल्या सगळ्या मराठी बायका हळदीकुंकवाची आमंत्रणं लिहून घ्यायला तुझ्याकडेच यायच्या. लग्नाआधी तू शाळेत शिकवायचीस ना, त्यामुळे माझा काना जरा वाकडा आला तरी पुसून पुन्हा लिहायला लावायचीस. "अक्षर बघून माणूस कळतं," म्हणायचीस. मी तर वैतागून जायचे. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आणि त्यांनी सांगलीला परत जायची भाषा सुरू केली, तेव्हा तू पहिल्यांदा त्यांच्यासमोर ठाम उभी राहिलीस. "माझी पोर इथे आहे, मी इथेच राहणार आणि पोळ्या विकणार." बाबा हसले. म्हणाले, मद्रासला पुरणपोळी कोण खाणार? तू म्हणालीस, बघाच तुम्ही. आयुष्यात तू स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट. म्हणून त्या एवढ्याशा गाळ्यात तुझी सगळी अब्रू गुंतलेली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी तेव्हा नुंगंबाक्कमला एका डीटीपीच्या दुकानात होते. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, नुकतेच बोकाळलेले फ्लेक्सचे बोर्ड, असलं सगळं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. जो तो रंगवलेली पाटी काढून फ्लेक्स लावायच्या मागे. तुझ्या पाटीवर तमिळमध्ये एकच शब्द हवा होता, पोळी. इथे लोक तिला बोळी म्हणतात, पण लिहिताना प आणि ब एकच, त्यामुळे तेही बरंच झालं. मी वेगवेगळ्या फॉण्टमध्ये तो शब्द छापून आणला आणि स्वयंपाकघरात ओट्यावर कागद मांडले. तू कणीक तिंबत होतीस. साधी, ठळक, लांबून वाचता येतील अशी अक्षरं मी पुढे सरकवत होते, आणि तू पिठाच्या बोटाने नेमकं ते गुबगुबीत, वेटोळ्यांचं, शेपटाला फुलं आलेलं अक्षर दाखवलंस. "हे. हे बघ कसं हसतंय." मी म्हटलं, "अगं आई, बारशाच्या पत्रिकेवर घालतात हे! दुकान आहे आपलं, पाळणाघर नाही." "मग? पोळी घ्यायला येणाऱ्याने काय तोंड पाडून यायचं?" झालं. तुझ्यापुढे कोण बोलणार! तेच छापलं.

पाटी लागली त्या दिवशी तू जरीकाठाची साडी नेसून गल्ल्यामागे उभी होतीस. शेजारच्या मामी, इथे तशा सगळ्याच बायका एकमेकींना मामी म्हणतात, सगळ्यात आधी आल्या. रस्त्यापलीकडून त्यांनी पाटीकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि हसत हसतच दुकानात शिरल्या. "ऐय्यो मामी! बोळीन्नु पोट्टिरुक्कींगळा, पोलीन्नु पोट्टिरुक्कींगळा?" बोळी म्हणून लिहिलंय की पोली म्हणून? मला एका क्षणात दिसलं. त्या नटव्या अक्षरात ळची उभी रेघ फुलाच्या देठात जाऊन बसली होती, आणि लांबून बघणाऱ्याला नुसता ल दिसत होता. तमिळमध्ये पोली म्हणजे नकली. तुझ्या दुकानावर, भर रस्त्यावर, गुलाबी रंगात, हसऱ्या अक्षरात लिहिलं होतं, नकली. गिऱ्हाइकं हसायला लागली. तूही हसत बाहेर आलीस, मान वर केलीस, आणि बघतच राहिलीस. "कुठे? कुठलं अक्षर?" मामींनी बोटाने दाखवलं. तू परत विचारलंस, "ते पहिलं?" तेव्हा मामींचं हसू थांबलं. "तमिळ पडिक्क तेरियादा, मामी?" वाचता येत नाही तुम्हाला? त्या बिचाऱ्या हळूच बोलल्या, पण सगळ्यांनी ऐकलं. आणि तू काय फणकारलीस! "ळ म्हणता येतो मला. तेवढं पुरे." मराठीत म्हणालीस ते. त्यांना काय कळणार!

मला खरंच माहीत नव्हतं गं. भाजीवालीशी, गॅसवाल्याशी, रिक्षावाल्याशी तू अशी फाडफाड तमिळ बोलायचीस की वाचता येत नसेल, हे मनातसुद्धा आलं नाही. बसचा तर आकडाच वाचायचा असतो. पावती आली की "चष्मा कुठे गेला बघ," म्हणून ती माझ्या हातात द्यायचीस. मी आपली चष्मा शोधायचे. त्या दुपारी आत येऊन तू पुरण वाटायला घेतलंस, यंत्राचा दांडा गरागरा फिरवत राहिलीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "मला सगळी सारखीच दिसतात. वेलबुट्टी नुसती. त्यातली हसरी दिसली ती दाखवली." मग जरा वेळाने, "मी पोरांना शिकवलंय गं. आणि इथे मी अंगठाबहाद्दर." तुझ्या डोळ्यांतून टिपं पुरणात पडायला लागली तेव्हा मी पातेलं बाजूला घेतलं. मी शिकवते म्हटलं, तर म्हणालीस, "आता कुठे ग म भ न गिरवत बसू? मरू दे." उद्याच्या उद्या पाटी बदलते म्हटलं, तर एकदम ओरडलीस, "खबरदार! बदललीस तर का बदलली ते विचारतील सगळे. राहू दे. नकली तर नकली."

राहिली. आणि गंमत बघ, त्या पाटीनेच दुकान चाललं. मामीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, नाव पोली, पोळी अस्सल. लांबलांबून लोक यायचे, हसायचे, पाटीचा फोटो काढायचे, डबे भरून न्यायचे. बाबांचाही सांगलीचा हेका सुटला. तू गल्ल्यावर सगळ्यांबरोबर हसायचीस, "खाऊन बघा, मग सांगा नकली का ते," असं झकास तमिळमध्ये सुनवायचीस. सगळ्यांना वाटायचं काय हुशार बाई, मुद्दाम लिहिलंय हिने. पण त्या दिवसापासून तू समोरून दुकानात शिरली नाहीस. मागच्या बोळातून यायचीस, गटार ओलांडून, शेवटी गुडघे दुखायला लागले तरी. पाटीकडे तू पुन्हा मान वर करून बघितलेलं मला आठवत नाही. ते बघून माझा जीव तुटायचा, आई. दुकान तुझं, नाव तुझं, आणि तू चोरासारखी मागच्या दाराने.

आता हे सगळं माझ्या गळ्यात आहे. चाललंय तसं चाललंय. सकाळी डाळ, दुपारी पुरण, संध्याकाळी गिऱ्हाईक. मधे मी कुठे आहे ते मलाच कळत नाही. कशाचा म्हणून उत्साह राहिलेला नाही. तुझ्या नातीला मात्र दांडगा आहे. नवी पाटी, नवा लोगो, नवे खोके, सगळं तिनेच केलंय. मराठी तिला समजतं, मोडकंतोडकं बोलतेही, पण वाचता येत नाही. मी शिकवणार नाही म्हटलं नाही, ती शिकणार नाही म्हणाली नाही, राहून गेलं. परवा खोक्याचं डिझाइन करताना कागद आणि पेन घेऊन माझ्याकडे आली. "अम्मा, एक लाइन मराठीत लिहून दे ना. तुझ्या हँडरायटिंगमध्ये. बॉर्डरसारखी चारी बाजूंनी फिरवते, क्यूट दिसेल." मी विचारलं, काय लिहू? "काहीही लिही. कोण वाचणारे?"

मी लिहून दिलं. तिने ते स्कॅन केलं, वेलांट्यांना गोल गोल शेपट्या काढल्या, केशरी रंग भरला आणि म्हणाली, "सूपरा इरुक्कु, अम्मा!" मस्त झालंय म्हणे. कालच खोके छापून आले. दिसतात छान, खोटं कशाला बोलू.

हे पत्र मी कुठे पाठवणार! इथेच ठेवते, ओट्यावर, कुणापासून लपवायचीही गरज नाही. फक्त एक सांगते. त्या प्रत्येक खोक्याच्या कडेने लिहिलंय, "आई, मी दमले गं." होळीला इथल्या मराठी मंडळींची मोठी ऑर्डर आहे. त्यांच्यातल्या एकीने तरी ते वाचावं, असं मला फार वाटतंय.