सिगारच्या डब्याचं पाणी

बाबा, तुमच्या सिगारच्या डब्यावरून आज सकाळी मी आईवर ओरडलो. आईची काही चूक नव्हती. ओरडायचं होतं तुमच्यावर, पण मी नववीत असतानाच तुम्ही कलटी मारलीत. आता भिंतीवर हार घालून बसलाय, आणि फोटोवर ओरडणारा माणूस शेजाऱ्यांना वेडा वाटतो. म्हणून लिहितोय. माझं अक्षर तुम्हाला माहीत आहे, वाचता आलं नाही तर ती तुमची अडचण. मधे बोलू नका, भुवई वर करू नका. एकदा तरी माझं पूर्ण ऐका.

झालं असं की आज एका मुलीचे बाबा आपल्याकडे यायचे होते. मुलगी मीच शोधली. एमपी नगरच्या ज्या कोचिंगमधले एसी मी सर्व्हिस करतो, तिथे ती रिसेप्शनला बसते. पहिल्या दिवशी मी तिला सांगितलं, मॅडम, एसीत पाल आहे, दहा मिनिटं बाहेर उभं राहावं लागेल, मी पण राहतो सोबत. पाल नव्हती हे तिला तिसऱ्या मिनिटाला कळलं, पण ती दहा मिनिटं उभी राहिली. तर तिच्या बाबांना घर बघायचं होतं आणि मला बघायचं होतं. आई सकाळी उठून आधी बिट्टन मार्केटला जाऊन मटार घेऊन आली, शोकेसमधला तो सोनेरी काठाचा टी-सेट काढला, सोफ्यावरचं प्लास्टिक काढलं. इथपर्यंत ठीक. मग तिने वरच्या कप्प्यातून तुमचा डबा काढला, पदराने पुसला आणि टेबलावर मधोमध ठेवला. म्हणाली, "ते बसले की त्यांच्यासमोर उघडून धर. तुझ्या बाबांची इच्छा होती, मोठ्या माणसासमोर उघडायचा." बस. तिथे माझी सटकली.

मोठा माणूस! त्या मोठ्या माणसाच्या नावाने त्या डब्याने माझं अख्खं लहानपण खाल्लंय, बाबा. कारखान्यात नवी मशीन बसवायला तो गोरा इंजिनिअर आला होता, जाताना तुम्हाला हा सिगारने भरलेला डबा देऊन गेला. चपलांच्या खोक्यापेक्षा लहान, आत पेन्सिलला टोक काढल्यावर येतो तसा लाकडाचा वास, झाकणाच्या आत स्पंजची डबी आणि बाहेर घड्याळासारखा काटा, आतल्या हवेत ओलावा किती ते सांगणारा. तुम्ही जन्मात सुपारी खाल्ली नाहीत. पण त्यासोबत आलेला तो कागद तुम्ही एवढा मन लावून वाचलात, तेवढं माझं प्रगतिपुस्तक वाचलं असतंत तर… नशीब, नाही वाचलंत. काटा सत्तरच्या आसपास पाहिजे. खाली गेला की सिगारचं वरचं पान तडकतं, वर गेला की बुरशी. नळाचं पाणी चालत नाही, त्यात क्षार असतात, म्हणून स्पंजला इन्व्हर्टरच्या बॅटरीचं पाणी. आणि काटा खरं बोलतो की नाही ते बघायला बाटलीच्या बुचात ओलं मीठ भरून रात्रभर डब्यात ठेवायचं, सकाळी काट्याने पंच्याहत्तर दाखवलं तर काटा इमानदार. आईच्या भाजीत मीठ कमी की जास्त हे तुम्हाला कधी कळलं नाही. डब्यातलं मीठ मात्र बरोबर कळायचं.

मे महिना आठवा. बाग सेवनियाचा हा फ्लॅट, पश्चिमेची भिंत, हात लावला तर पोळी भाजेल. घरात कूलर एक. तो कुठे? बैठकीत. कारण बैठकीत डबा. आम्ही दोघं आतल्या खोलीत पंख्याखाली, तो पंखा गरम हवा इकडून तिकडे ढकलायचा. आई एकदाच म्हणाली, कूलर आत घेऊया का, पोराला घामोळं आलंय. तुम्ही म्हणालात, "कोरड्या हवेत तडकतील गं ते." मी नाही, सिगार! पावसाळ्यात उलटं. काटा ऐंशीला जायचा, तुम्ही स्पंज काढून ठेवायचात आणि एकेक सिगार दोन बोटांनी उचलून कुशीवर वळवायचात, हॉस्पिटलातल्या पेशंटसारखा. मला ताप आला की माझी कूस आई बदलायची.

हे सगळं साहेबांसाठी. तुमचे साहेब एक दिवस आपल्या घरी जेवायला येणार, जेवण झाल्यावर तुम्ही त्यांच्यापुढे डबा उघडणार, साहेब खूश होणार. पुढे काय होणार हे तुम्ही कधी सांगितलं नाही, मला वाटतं तुम्हालाही माहीत नव्हतं. पण तालीम पक्की. डबा मी आणायचा. डाव्या बाजूने जायचं, झाकण साहेबांकडे उघडेल असा धरायचा, सिगारवर श्वास सोडायचा नाही आणि म्हणायचं, "सर, प्लीज़." रविवारी दुपारी, सगळी कॉलनी झोपलेली असताना, आपली तालीम. एकदा मी उशी शर्टात घालून साहेब झालो, तुम्ही डबा घेऊन आलात आणि मी पाय टेबलावर टाकून म्हणालो, "क्या मियाँ, बीड़ी नहीं है क्या?" तुम्ही हसलात. बघा, हसला होतात, नाही म्हणू नका. खांदे हलले होते तुमचे. मग लगेच म्हणालात, "पाय खाली घे. सोफा खराब होईल."

साहेब दोनदा येणार होते. दुसऱ्यांदा आईने सकाळपासून पुरण वाटलं, आणि रात्री साहेबांचा ड्रायव्हर वर आला. साहेबांना जमत नाही म्हणून सांगायला. आईने त्याला बसवून जेवू घातलं, तूप वाढलं. तो माणूस पोटभर जेवला, हात धुतले, टेबलाकडे बघून म्हणाला, "ये क्या चीज़ है, साब?" आणि तुम्ही डबा उचलून शोकेसमध्ये ठेवलात. त्याला दाखवलासुद्धा नाहीत. मला त्याच रात्री तुमचा राग आला होता, नंतर आला असं समजू नका.

म्हणून मी ती चिठ्ठी टाकली. वहीचं पान फाडून लिहिलं, "यह सीट साहब के लिए आरक्षित है, कृपया न बैठें," आणि डब्यात सिगारवर ठेवून दिली. दोन दिवसांनी तुम्हाला सापडली. मला वाटलं अपमान झाला म्हणून माराल. तुम्ही मारलं नाहीत. चिठ्ठी वाचली पण नाहीत नीट. बोटांत धरून म्हणालात, "अरे, कागद पाणी पितो! सगळा ओलावा ह्याने ओढून घेतला. काटा बघ, काटा." आणि मग ते, शांतपणे, चष्मा पुसत: "तुला आयुष्यात एक गोष्ट सांभाळता येणार नाही." एवढा चांगला विनोद केला होता मी. त्याला हसायचं नव्हतं तर निदान चिडायचं होतं. तुम्हाला दुःख कशाचं, तर काटा घसरला.

मग तुम्ही गेलात, कारखान्यात, जिना चढताना. आणि तेराव्याला साहेब आले. बाबा, ते खरंच आले. पांढरी गाडी, पांढरा शर्ट, तुमच्या सोफ्यावर, तुमच्याच जागेवर बसले. बैठक माणसांनी भरलेली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि मला एकच दिसत होतं, साहेब आलेत. मी आत गेलो, हात धुतले, डबा घेतला, डाव्या बाजूने गेलो, झाकण त्यांच्याकडे उघडेल असा धरला. श्वास रोखला होता. "सर, प्लीज़." बैठकीत कुणीतरी "हाय राम" म्हणालं. नागपूरवाले काका उठले आणि मला सगळ्यांसमोर एक ठेवून दिली. "बाप गेला तरी ह्याचे माकडचाळे जात नाहीत!" साहेब गडबडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नहीं नहीं, बच्चा है. बेटा, मैंने तो ज़िंदगी में कभी पी ही नहीं." हात जोडले आणि गेले.

कधी पी ही नहीं! एवढी वर्षं, बाबा. एवढा कूलर. एकदा विचारायचं होतंत ना त्यांना, सर, आप सिगार पीते हैं क्या? पाच सेकंद लागले असते. आणि काकांना, आईला, त्या खोलीतल्या सगळ्यांना आजही वाटतं की मी मस्करी केली. लग्नाकार्यात सांगतात, हसतात. मी पण हसतो, आणखी मसाला लावून सांगतो. जन्मात एकच काम तुम्ही शिकवलं तसं, एक चूक न करता केलं, आणि त्याचीच थप्पड खाल्ली.

तर आज सकाळी आई म्हणाली, मोठ्या माणसासमोर उघड, आणि मी तो डबा उचलून ओट्यावर आपटला. म्हटलं, "काय उघडू? आत भुसा असेल आता! दाखवतो तुला." खलबत्त्याचा दस्ता घेतला होता हातात, खोटं नाही सांगत. झाकण उघडलं. पेन्सिलचा वास आला. स्पंज ओला. काटा अडुसष्टवर. मी एक सिगार दाबून बघितला, कुरकुर नाही, मऊ, पुन्हा तसाच्या तसा फुगला. मी आईकडे बघितलं. ती मटार सोलत होती.

"तू पाणी घालत होतीस?"

"मग काय. त्यांनी सांगितलं होतं, मी कामावर असलो की तू बघ, पाणी घाल."

"बाबांना जाऊन किती वर्षं झाली, आई!"

"हो ना. पण थांब असं कुठे सांगितलं?"

इन्व्हर्टर आपण तुमच्यामागे वर्षभरातच विकला, बाबा. तरी घरात बॅटरीच्या पाण्याची बाटली यायची. मला वाटायचं, इस्त्रीत घालते. घरात कूलर मी माझ्या कमाईचा आणला, तिच्या खोलीत लावला, आणि मे महिन्यात ती बैठकीचं दार उघडं ठेवून झोपायची. मी विचारलं तर म्हणायची, हवा खेळते. दस्ता मी ठेवून दिला. रडलो नाही, तसलं काही नाही. एवढंच म्हणालो, "मटार दे इकडे, अर्धे मी सोलतो." आणि मनात तुम्हाला जे बोललो ते लिहीत नाही, आई वाचेल.

पाहुणे आले, ती आणि तिचे बाबा. मुलीचे बाबा म्हणजे अमरावतीकडचे, सरकारी ऑफिसातून रिटायर, पोट पुढे, आवाज मोठा. पोहे खाऊन झाले, टेबलाकडे बघून म्हणाले, "काय हो, उदबत्त्यांचा डबा का?" आईने माझ्याकडे बघितलं. मी उठलो नाही. डाव्या बाजूने गेलो नाही. सोफ्यावर बसल्या बसल्या झाकण उघडलं आणि म्हटलं, "सिगार आहेत काका. घ्या. मी पण घेतो." ते म्हणाले, "आपण तर तंबाखूवाले. पण बघू तरी." आम्ही बाल्कनीत गेलो. काडीने पेटेना, तर त्यांची मुलगी ओट्यावरून गॅसचा लायटर घेऊन आली आणि म्हणाली, "पापा, मूँछ संभालके." धूर आत घ्यायचा नसतो हे त्या कागदावर लिहिलं असेल, पण कागद तुम्ही वाचलेला, आम्ही नाही. दोघांनी एकदम छातीभर ओढला. असा ठसका लागला की खालच्या बाईंनी वर बघून विचारलं, सब ठीक है ना? काका डोळे पुसत म्हणाले, "अरे बापरे! तुझे वडील हे रोज ओढायचे?"

"नाही," आई आतून म्हणाली, "ते फक्त पाणी घालायचे."

आणि हसली. बाबा, आई एवढी हसली की तिला दाराला धरावं लागलं. काका हसले, ती मुलगी हसली, धूर सगळ्या बाल्कनीत, कुणाला काही सुचेना. तुमचा राग मला सगळ्यात जास्त तेव्हा आला. एवढं सगळं त्या डब्यात होतं. कुठल्याही रविवारी उघडता आला असता. उशीवाल्या रविवारी. त्या ड्रायव्हरच्या रात्री. तुम्ही झाकण लावून, काटा बघत बसलात.

जाताना काकांना मी उरलेले बांधून दिले, जुन्या ऑफिसातल्या दोस्तांना द्या म्हटलं. जिन्यावरून ते ओरडले, "पुढच्या रविवारी तुम्ही या आमच्याकडे. आणि असला काही डबा आणू नका!"

एक सिगार ठेवलाय. कुणासाठी ते विचारू नका. एकटा आहे म्हणून मधोमध ठेवलाय, स्पंज भिजवलाय, आज मीच. हे लिहिलेलं घडी घालून त्याच्याशेजारी ठेवणार होतो, डब्यात घालून झाकणही लावलं होतं. मग परत काढलं. कागद पाणी पितो.