ह्यांचा लाल डोळा

मंगळवार, संध्याकाळ

सगळ्या गल्लीत डोळे आलेत, म्हणून सकाळी ह्यांचा उजवा डोळा लाल दिसला तेव्हा मलाही तेच वाटलं. "गुलमंडीच्या मेडिकलवरून ड्रॉप आणतो. त्याला डॉक्टर लागतो व्हय?" हे म्हणाले. मीही हो म्हणणार होते. पण दुपारी हे चहा ओतत होते तर धार कपाबाहेर गेली, अन् ह्यांना दिसलंच नाय. मग डोकं फुटतंय म्हणाले, उलटी झाली. डोळे आल्यावर उलटी कशी होईल? अन् ती कपाबाहेरची धार! रिक्षा केली अन् थेट औरंगपुऱ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो.

त्यांनी तपासलं. "हे डोळे आलेले नाहीत. काचबिंदूचा झटका आहे, डोळ्यातला दाब फार वाढलाय. उद्यावर टाकलं असतं तर या डोळ्याची नजर गेली असती."

मी ह्यांच्या डोळ्याकडं बघितलं. नजर? नुसत्या लाल डोळ्यानं?

औषधानं दाब उतरला. उद्या लेझर करायचंय. घरी आल्यावर ह्यांनी चांगला डोळा हातानं झाकला अन् माझ्याकडं बघत राहिले.

"हिरवी साडी नेसलीस ना?"

तेव्हा कुठं मला रडू आलं.